पाणी झोपेपर्यंत

सिग्नल हिरवा झाला, माणसं भराभर रस्ता ओलांडू लागली, आणि तो मात्र हातातल्या फोनकडे बघत तिथंच उभा राहिला. मागून कुणाचं तरी कोपर बरगडीत बसलं. "अहो, चालायचं नसेल तर बाजूला तरी व्हा!" असं म्हणत एक बाई दोन्ही हातांतल्या पिशव्या सांभाळत पुढे गेली. तिचं काय चुकलं? अठ्ठावन्न वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, चांगला शिकलासवरलेला माणूस सकाळी नऊ वाजता भर चौकात वाट अडवून उभा राहिला, तर कोणीही खेकसेल. फोनवर धाकटीचा निरोप होता. धाकटी म्हणजे त्याच्या ऑफिसातली इंजिनिअर. बारा वर्षांपूर्वी आली तेव्हा सगळ्यांत लहान, म्हणून हे नाव पडलं. आता विभागाची प्रमुख झाली तरी सुटलं नाही. तिनं लिहिलं होतं, "सर, गेल्या महिन्याच्या वादळातली नोंद भर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवरून आली. एक लाट थेट डेकला लागली. खालचा जिना उखडून गेला, एका फिटरचा पाय मोडला. आकार बघा. सतराव्या चाचणीची जुनी फाईल काढू का?" आणि खाली लाटेचा आलेख, एक वेडीवाकडी निळी रेघ.

फाईल कशाला हवी होती? ती रेघ त्याला पाठ होती. आधी दोन मध्यम लाटा, मग लांबलचक पसरट खळगा, आणि मग ती. पुढच्या बाजूनं जवळजवळ उभी, टोकाला निमुळती, शेजारणींपेक्षा दुपटीहून उंच. अकरा वर्षांपूर्वी ती प्रयोगशाळेतल्या टाकीत उठली होती. प्लॅटफॉर्मची चौसष्टपट लहान प्रतिकृती टाकीच्या मधोमध उभी होती, आणि त्या लाटेनं तिच्या डेकला, खांबांवरच्या मजल्याला, खालून असा फटका दिला की कठड्याला टेकून उभ्या असलेल्या धाकटीचा चष्मा भिजला. "अगं बाई!" एवढंच ती म्हणाली. आणि त्यानं, या शहाण्यानं, काय म्हटलं? "टाकीत काहीतरी गडबड आहे." म्हणजे लाट नीट बघायच्या आधीच त्यानं लाटेवर अविश्वास दाखवून टाकला होता. आता दिवा पुन्हा लाल झाला होता आणि बाजूच्या दुकानाच्या काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता, तोंड किंचित उघडं.

त्याचं सगळं आयुष्य लाटांच्या बेरजेत गेलं होतं. कागदावरचा समुद्र सोपा असतो. शेकडो लहान-मोठ्या लाटा घ्यायच्या, कुठली कधी सुरू होईल हे नशिबावर सोडायचं, आणि सगळ्यांची बेरीज करायची. पण अशा बेरजेत शिखर जितकं वर जातं तितकाच खळगा खाली जातो, आणि खरा समुद्र इतका सरळमार्गी कुठला असायला? खऱ्या लाटा एकमेकींना भेटल्या की एकमेकींना बदलतात. शिखरं चढतात, टोकदार होतात, खळगे उथळ आणि पसरट होतात. हे किती होतं, ते सांगणारं एक सूत्र त्यानं तरुणपणी मांडलं होतं. त्याच्यावर त्याचं नाव झालं, खुर्ची मिळाली, परिषदांमध्ये लोक जागेवरून उठून हात मिळवायला येऊ लागले. सूत्र सांगत होतं की शंभर वर्षांतल्या सर्वांत वाईट वादळातसुद्धा टाकीतली लाट एकवीस सेंटिमीटरच्या वर चढणार नाही. त्या एकवीसवरून डेकची उंची ठरली होती. वीस चाचण्या घ्यायच्या होत्या, म्हणजे एकाच वादळाचे वीस अवतार. प्रत्येकाला संगणकात एक आकडा द्यायचा, की तो लाटांचा क्रम पत्त्यांसारखा पिसून देई. सोळा चाचण्या सूत्राच्या धाकात राहिल्या. सतरावी पंचवीसवर गेली.

आणि टाकी ज्यांच्या हातात होती ते टाकीवाले काका. पदनाम काहीतरी लांबलचक होतं, पण अठ्ठावीस वर्षं त्यांना कोणी त्या नावानं हाक मारली नाही. चाचणी संपली की पुढची लगेच घेता येत नाही. पाणी हलत राहतं, भिंतींना आपटून परत येतं, आणि त्या उरल्यासुरल्या हालचालीवर नवी लाट चढली की सगळा खेळ फसवा होतो. म्हणून नियम होता, वीस मिनिटं थांबायचं. काका घड्याळ बघत, पण घड्याळावर विसंबत नसत. ते टाकीच्या टोकाला उकिडवे बसत, छतावरच्या ट्यूबलाइटचं पाण्यातलं प्रतिबिंब न्याहाळत. ते जरा जरी थरथरलं तरी मान हलवत. "अजून जागं आहे," म्हणत. मग कधीतरी गुडघ्यावर हात देऊन उठत आणि वर, काचेमागच्या खोलीकडे बघून ओरडत, "झोपलं पाणी! घ्या!" नवीन पोरं हसायची. काका म्हणायचे, "हसा, हसा. लहान मूल आणि पाणी, अर्धवट झोपेत उठवलं की दिवसभर छळतं." त्यालाही हे आवडायचं. पाहुण्यांना तो मुद्दाम टाकीवर नेई आणि काकांना म्हणे, "काका, सांगा बरं यांना पाण्याच्या झोपेचं." म्हणजे कौतुक होतंच की. कौतुक करायला कधी काही जात नाही, प्रश्न उभा राहिला की कळतं कोण कुणाच्या पाठीशी आहे ते.

त्या दिवशी दुपारी सोळावी चाचणी संपता संपता काका काचेमागच्या खोलीच्या दारात आले होते. आत येत नव्हते, दाराची कडी चाळवत उभे होते. "साहेब, आज जरा लवकर..." त्यानं वळूनही पाहिलं नाही, नुसता हात वर केला. "एवढी पुढची एक होऊ द्या काका, मग जा." हा त्याचा वर केलेला हात त्याला आता चौकात स्वच्छ दिसत होता, मनगटावरच्या घड्याळासकट. का लवकर, हे त्यानं विचारलं नव्हतं. चार शब्दांचं काम होतं. सतरावी सुरू झाली तसे काका लाटा उठवणाऱ्या पॅडलकडे बघायला धाकटीला सांगून निघून गेले, आणि दहाव्या मिनिटाला ती लाट आली. दुसऱ्या दिवशी कळलं की काकांची आई वारली. त्यानं रजेच्या अर्जावर सही केली, आणि सही करता करता त्याच्या मनात जे आलं ते आठवून आत्ताही त्याच्या कानशिलांना चटका बसला. त्याच्या मनात आलं होतं, बरं झालं, दोन आठवडे तरी हा माणूस वाद घालायला येणार नाही.

कारण तोवर ठरलं होतं. बैठकीत सगळे पंचवीसच्या आकड्याकडे बघत बसले होते. डेक वर घ्यायचा तर सगळा आराखडा मोडायचा, आणि पोलाद कापायला सुरुवात झालेली. कोणीतरी विचारलं, "पाणी नीट थांबलं होतं ना?" प्रश्न साधा होता. त्यानं उत्तर दिलं, "काकांना घरी जायची घाई होती, हे सगळ्यांनी पाहिलंय." बस्स. खोटं एक अक्षर बोलला नाही, आणि खापर मात्र बरोबर जाऊन फुटलं. खोलीत सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. खरं म्हणजे त्यांच्या धंद्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल काय करायला हवं होतं ते. संगणकाला सतरावीचा तोच आकडा परत द्यायचा, पाणी तासभर थांबवायचं, आणि बघायचं. लाट खरी असेल तर पुन्हा उठेल. त्यानं नवा आकडा द्यायला लावला. नवी सतरावी गुणी बाळासारखी वीसवर थांबली. अहवालात ओळ आली, 'मूळ चाचणी १७ : टाकीचालकानं पाणी पुरेसं स्थिर होऊ न दिल्यानं रद्द.' रजेवरून आलेल्या काकांना विचारलं तर ते शून्यात बघत म्हणाले, "नसेल झोपलं. मला त्या दिवसातलं काही आठवत नाही हो साहेब." तेवढं पुरलं. काकांची बदली भांडारात झाली. नट-बोल्टांच्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत त्यांनी शेवटची पाच वर्षं काढली, आणि तो कधी भांडारात गेला नाही. काम पडलं तर शिपायाला पाठवायचा.

तो वळला आणि ऑफिसच्या उलट दिशेला चालू लागला. काकांचं घर कुठं आहे ते त्याला माहीत होतं. निवृत्तीच्या निरोपाला गेला नव्हता तरी पत्ता ठेवला होता, का कोण जाणे. बस रिकामी होती. तो खिडकीशी बसला आणि अकरा वर्षं जे एका विशिष्ट जागी पोचलं की थांबायचं, ते आठवणं आज थांबेना. तो स्वतःला सांगत आला होता की आपण नोंदीची सुरुवात पाहिली नव्हती. टाकीत पाण्याची उंची मोजणारी तार असते. पॅडल हलायच्या आधीपासून ती नोंदत असते. ते पहिलं अर्धं मिनिट सगळेच कापून टाकतात, कारण त्यात काही नसतं. पण त्यात काही नसतं हाच तर पुरावा! पाणी जागं असतं तर त्या अर्ध्या मिनिटात रेघ हलली असती. धाकटीनं तेव्हा दाखवलं होतं. "सर, सुरुवातीची रेघ तर सरळ आहे." तो म्हणाला, "डोळ्याला सरळ दिसतं ते सरळ असतंच असं नाही." काय वाक्य! त्या वर्षीच्या तिच्या अहवालात त्यानं लिहिलं, 'हुशार, परंतु शंकेखोर.' आणि मग दुपारी सगळे चहाला गेल्यावर त्यानं स्वतः ती रेघ वीसपट मोठी करून पाहिली होती. पाहिली होती! सरळ होती. पट्टीनं मारावी तशी. सोळावी संपल्यापासून सतरावी सुरू होईपर्यंत किती वेळ गेला, तेही नोंदीत होतं. तेवीस मिनिटं. त्यानं पडदा बंद केला आणि चहाला गेला, आणि तिथं कुणाच्या तरी विनोदावर हसला.

पुलावर बस अडकली. त्यानं फोन काढला आणि लिहिलं, "काढ. सुरुवातीची रेघ बघ. पाणी शांत होतं, मला तेव्हाच माहीत होतं. चूक काकांची नव्हती, माझी. अहवालात तसंच लिही." बोट दोनदा मागे आलं, तिसऱ्यांदा त्यानं पाठवून टाकलं. लगेच दोन निळ्या खुणा उमटल्या. धाकटीचं उत्तर आलं, "बरं सर. काकांनाही ऑफिसतर्फे पत्र पाठवते." बाकी काही नाही. आणि त्याला एकदम हलकं वाटलं, इतकं हलकं की लाज वाटावी. सूत्र गेलं, नाव गेलं, निवृत्तीला सात महिने असताना तोंडाला काळं लागणार, बायको म्हणणार, "आता कशाला उकरून काढलंत?" जाऊ दे सगळं! काकांच्या पायाशी बसून सांगायचं, ते चार शिव्या देतील, कदाचित हात उगारतील. उगारू देत. त्यानं मनात वाक्यंसुद्धा जुळवली. माणूस मोठा विचित्र प्राणी आहे, माफी मागायला निघाला तरी वाटेत स्वतःचं भाषण घोकतो.

दार काकूंनी उघडलं. त्यांनी ओळखलं नाही, पण काकांनी आतूनच ओळखलं. "अगं, साहेब! साहेब आलेत! या, या, चप्पल राहू द्या हो." काका खुर्चीवरून उठायला धडपडले. बारीक झाले होते, कान जड झाले होते, पण गुडघ्यावर हात देऊन उठायची तऱ्हा तीच. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर त्यांनी नळाची तोटी खोलून ठेवली होती. "गळत होती. प्लंबरला म्हटलं ये, तो म्हणाला शनिवारी. म्हटलं, राहा तू शनिवारी." काकूंनी चहा ठेवला. काकांनी टाकीची चौकशी केली, घरच्या माणसाची करावी तशी. पॅडल बदललं का? दक्षिणेकडची भिंत पाझरायची, ती? धाकट्या बाई साहेब झाल्या म्हणे, बरं झालं, पोरगी खरी होती. तो हो-हो म्हणत राहिला. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही अजून बोलून झालं नव्हतं.

"साहेब, एक बोलू?" काकाच म्हणाले. "तुम्ही कधी आला नाहीत, आज आलात. तुम्हाला वाटत असेल, म्हातारा मनात धरून बसला असेल. छे हो! चूक झाली ती झाली. आणि खरं सांगायचं तर त्या चुकीचं मला कधी वाईटच वाटलं नाही."

"काका, मी तेच..."

"ऐका तर. त्या दिवशी शेजाऱ्यांचा फोन आला, दवाखान्यातनं. आई तुमचं नाव घेतीये, निघा. तुम्ही म्हणालात, एवढी एक होऊ द्या. तुमचं काय चुकलं? मी कारण कुठं सांगितलं होतं? मोठ्या माणसासमोर तोंड उघडायचं नाही, ही आमची खोडच. पॅडल सुरू केलं नि पळालो. पोचलो तर ती दहा मिनिटांपूर्वी गेली होती. दहा मिनिटं, साहेब! नर्स म्हणाली, आत्ता आत्तापर्यंत विचारत होत्या, आला का, आला का." काकूंनी स्वयंपाकघराच्या दारातून काकांकडे पाहिलं आणि पुन्हा आत वळल्या, ही गोष्ट त्या घरात पुष्कळदा सांगून झाली होती. "पंधरा दिवस घास गिळला नाही मी. त्यातच तुमचा कागद आला, की पाणी झोपायच्या आधीच चाचणी सुरू केली. आधी वाटलं, असं कसं होईल? अठ्ठावीस वर्षांत कधी केलं नाही. मग म्हटलं, साहेब म्हणतात म्हणजे केलं असणार. डोकं कुठं ठिकाणावर होतं? आणि तुम्हाला हसू येईल, पण त्या कागदानं मला बरं वाटलं. म्हणजे मी थांबलो नव्हतो. सगळ्या नोकरीत एक नियम मोडला, तो आईसाठी. आपल्याकडनं होईल तेवढी घाई केली, तरी गाठ पडली नाही. मग ते आपल्या हातातलं नव्हतंच. हिला विचारा, तेव्हापासून मला झोप लागायला लागली."

चहा समोर आला. त्यानं कप उचलला आणि खाली ठेवला. आता काय? आता गप्प बसायचं. चहा प्यायचा, तब्येत विचारायची, नळाला एक चांगलासा वॉशर सुचवायचा आणि उठायचं. अकरा वर्षं हीच विद्या तर जमली होती, मूग गिळून बसण्याची. आणि आज पहिल्यांदाच तिच्यात दया होती. पण पुलावरून निरोप गेला होता. चार-आठ दिवसांत ऑफिसचं पत्र या दाराखालून आत सरकेल, काकू ते मोठ्यानं वाचून दाखवतील, आणि काका एकटेच त्याचा अर्थ लावत बसतील, समोर शिव्या द्यायलाही कोणी नसेल. बसमध्ये आलेलं ते हलकेपण आठवून त्यानं कप आणखी दूर सारला. इतक्या घाईनं खरं बोलून टाकलं होतं त्यानं! विचारावं, थांबावं, बघावं, यातलं काही त्याच्या हातून कधी झालंच नाही, खोट्याच्या वेळी नाही आणि खऱ्याच्याही नाही.

"काका," तो म्हणाला, आणि काकांना ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाला, "काका, पाणी झोपलं होतं."

"आं?"

"त्या दिवशी. सतराव्या चाचणीच्या आधी. पाणी पूर्ण शांत होतं. नोंद आहे. मी तेव्हाच पाहिली होती आणि दाबून ठेवली. लाट खरी होती. तुमची काही चूक नव्हती. तुम्हाला पत्र येईल ऑफिसचं, त्याआधी मी स्वतः..."

"बघा!" काकू बाहेरच आल्या, हातातला चमचा तसाच. त्यांचा चेहरा फुलला होता. "बघा, मी म्हणत नव्हते? हे असलं काही करायचे नाहीत! सगळ्यांना सांगायची मी, हे अर्धवट काम करणारे नव्हेत. देव आहे हो. साहेब, तुम्ही आलात, बोललात, फार झालं!" आणि त्या पदरानं डोळे पुसू लागल्या.

काकांनी तोटी उचलली, तिचा आटा अंगठ्यानं फिरवला, पुन्हा कागदावर ठेवली.

"म्हणजे मी थांबलो होतो," ते म्हणाले.

"हो."

"किती? ते लिहिलेलं असतं ना त्यात?"

त्याला वाटलं, सांगू नये. नक्की आठवत नाही म्हणावं. काका त्याच्याकडे बघत होते, मान जरा पुढे काढून, ऐकू यावं म्हणून.

"तेवीस मिनिटं."

काकांचे ओठ हलले. वीसचा नियम, वर तीन. दवाखाना, बसथांबा, जिना, आणि उशिराची ती दहा मिनिटं. काकूंचा पदर डोळ्यांवरून खाली आला आणि तसाच राहिला. आता त्यांनाही कळलं होतं. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला हाक मारत होतं. काकांनी हात पुढे केला आणि त्याच्या मनगटावर ठेवला. रागानं नाही, विचारायचं होतं म्हणून ठेवला.

"कशाला थांबलो हो साहेब मी?"